बाकूच्या नव्या वळणाच्या अझरबैजानी रेस्टॉरंटात जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली आठ वर्षं बाकूत राहते. पुण्याहून, ठाण्याहून, दुबईहून कोणी ना कोणी येत असतं. आल्यावर एक जेवण तरी इथल्या नव्या पद्धतीच्या रेस्टॉरंटात व्हावं असा माझा आग्रह असतो. त्याआधी फोनवर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. कुठल्या एका रेस्टॉरंटाची ही जाहिरात नाही. या जेवणावर माझा जीव आहे, आणि ते नीट समजून खाल्लं जावं एवढीच इच्छा आहे.

‘नव्या वळणाचं’ म्हणजे नेमकं काय बदललं आहे?

सगळ्यात मोठा बदल चरबीत झाला आहे. जुन्या अझरबैजानी स्वयंपाकात मेंढीच्या शेपटीची चरबी सढळ हाताने पडते. इथे तिला गुयरुग म्हणतात. डोंगरातल्या थंडीत, दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला ती हवीच असायची. शहरात खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला ती पचत नाही. म्हणून नव्या स्वयंपाकघरांत चरबी कमी झाली, ताटल्या लहान झाल्या. पूर्वी चार जणांत एक येणारा पदार्थ आता एकेकट्यासाठी मिळू लागला.

दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. सोव्हिएत काळात, म्हणजे 1920 ते 1991 या सत्तर वर्षांत, बाहेरचं जेवण बरंचसं एकाच साच्याचं झालं होतं. सरकारी कॅन्टीनमध्ये कटलेट, सूप आणि मेयोनेजमधली बटाट्याची कोशिंबीर मिळायची. गावोगावचे खरे पदार्थ घरात आणि लग्नाच्या मांडवात टिकून राहिले. आताचे शेफ लेनकेरान, शेकी, नाखचिवान अशा भागांतले ते घरगुती पदार्थ शहराच्या मेनूवर आणत आहेत. त्यामुळे ‘नवं’ म्हणून समोर आलेलं ताट पुष्कळदा कोणाच्या तरी आजीच्या गावचं असतं.

जेवण तिखट असतं का? आपल्याला सपक लागेल का?

तिखट अजिबात नसतं. पहिल्या दोन घासांत सपक लागेलही. मिरची शोधू नका, आंबट शोधा. या स्वयंपाकाचा सगळा जीव आंबटात आहे, आणि आंबटाच्या बाबतीत आपण मराठी माणसं काही नवखी नाही. चिंच कुठे, आमसूल कुठे, कैरी कुठे, लिंबू कुठे हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तसंच यांचंही आहे.

कबाबावर आणि मांसाच्या गुताबवर, म्हणजे भरून दुमडलेल्या पातळ पोळीवर, सुमाक पडतो. ही एका झुडपाच्या फळांची गडद तांबडी, आंबट भुकटी. माशाबरोबर नारशराब येतं. डाळिंबाचा रस आटवून आटवून केलेला काळपट, घट्ट पाक, चिंचेच्या कोळासारखा जिभेला धरणारा. काही रश्श्यांत कच्च्या द्राक्षांचा रस घालतात, तो आबगोरा. पुलावात आणि दोल्म्यात (पानांत किंवा भाज्यांत सारण भरून केलेल्या) आलुबुखार असतो, तो तर आपल्याही ओळखीचा. आणि लावाशाना म्हणजे आंबट प्लमचा गर पातळ पसरून उन्हात वाळवलेली पोळी. ताझा बाजारात पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी आंबापोळीच समजून तुकडा तोंडात टाकला आणि डोळे गच्च मिटले. तेव्हापासून घरी डाळीत तिचा तुकडा घालते. आमसुलाची आठवण होते, पण चव आमसुलाची नाही.

रेस्टॉरंट चांगलं की नुसतं देखणं, हे मी आंबटावरूनच ठरवते. चरबी कमी करा, ताटली बदला, माझी हरकत नाही. पण परदेशी पाहुण्यांना झेपणार नाही म्हणून आंबट कमी करून जो गोड सॉस ओततो, त्याने पदार्थ सुधारला नाही, बुजवला.

पुलाव आणि प्लोव एकच का?

शब्द एकाच घरचा, पदार्थ वेगळा. आपण मांस-मसाला आणि तांदूळ एकत्र शिजवतो. इथल्या बहुतेक प्लोवमध्ये भात एकीकडे आणि वरचं मांस-सुकामेवा दुसरीकडे शिजतं, ताटातच त्यांची गाठ पडते. या वरच्या भागाला गारा म्हणतात. कोकराच्या मांसाचा, हिरव्या पाल्याचा, कोंबडीचा, नुसत्या सुक्यामेव्याचा असे त्याचे कितीतरी प्रकार आहेत.

भाताची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवतात, भरपूर पाण्यात अर्धा कच्चा शिजवून चाळणीत उपसतात. मग जाड बुडाच्या पातेल्यात तळाशी गाझमाग घालतात: कधी अंडं-दही कालवलेला भात, कधी लवाशची पातळ पोळी. त्यावर भात रचायचा, लोणी सोडायचं, केशराचं पाणी शिंपडायचं आणि झाकणाला फडकं गुंडाळून मंद आचेवर दम द्यायचा. त्यांचा शब्दही ‘देमलेमेक’, म्हणजे दम देणं. शेवटी तळाची सोनेरी, कुरकुरीत खरवड काढून भाताबरोबर वाढतात. आमच्या घरी खरवडीसाठी भावंडांची भांडणं व्हायची. इथे ती पाहुण्याला आधी देतात.

शाह प्लोव मागवावा का?

पहिल्यांदा जात असाल तर नक्की. डब्याला आतून लोण्यात बुडवलेल्या लवाशच्या पट्ट्या अशा लावतात की त्यांची टोकं बाहेर लोंबत राहतील. आत अर्धवट शिजलेला केशरी भात, मांस, जर्दाळू, मनुका, चेस्टनट असे थर भरतात. पट्ट्यांची टोकं वर दुमडून सगळं भट्टीत जातं. तयार झाल्यावर डबा ताटात उपडा करतात आणि बाहेर येतो तांबूस मुकुट.

त्याला सुरी लागते तो क्षण चुकवू नका. आधी करकर आवाज, मग फट, मग फटीतून केशर आणि लोण्याची वाफ. टेबलावरचं बोलणं आपोआप थांबतं. आतला भात मोकळा असतो, जर्दाळू मऊ होऊन फुटलेला असतो, आणि कवचाचा आतला भाग भाताची वाफ पिऊन निम्मा मऊ, निम्मा कुरकुरीत झालेला असतो.

नव्या रेस्टॉरंटांत वाटीएवढा, एकट्यापुरता शाह प्लोव मिळतो. मला तो आवडतो, कारण प्रत्येकाच्या वाट्याला कवच जास्त येतं. मात्र एका ठिकाणी माझ्यापुढे भाताचा गोळा आणि त्यावर शिंपडलेला लवाशचा चुरा आला. नाव तेच, किंमत दुप्पट. फोडायला काही नव्हतंच. वेटरला मी शांतपणे सांगितलं की हा शाह प्लोव नव्हे, आणि त्यानेही मान हलवली. मागवण्याआधी ‘कवच अख्खं असतं ना?’ एवढं जरूर विचारा.

तो भट्टीतून यायला वेळ लागतो, म्हणून टेबल राखून ठेवतानाच सांगून ठेवलेलं बरं.

पिती कशी खायची?

पिती शेकीची. शेकी हे कॉकेशसच्या दक्षिण उतारावरचं जुनं रेशमाचं गाव. तिथला खानाचा राजवाडा आणि जुनं गावठाण 2019 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एकेका माणसाचं एकेक मातीचं भांडं असतं. त्यात मेंढीचं मांस, हरभरे, चेस्टनट, केशर आणि वर चरबीचा तुकडा, आणि हे कित्येक तास मंद आचेवर राहतं.

खाण्याची रीत दोन टप्प्यांची. आधी खोलगट ताटलीत पाव कुस्करायचा, त्यावर भांड्यातला रस्सा ओतायचा, सुमाक भुरभुरायचा आणि चमच्याने खायचं. मग उरलेला मांस-हरभऱ्याचा ऐवज ताटलीत काढून काट्याने चेचायचा, पुन्हा सुमाक, सोबत कच्चा कांदा. पाव कुस्करून रश्श्यात भिजवणं आपल्या हाताला शिकवावं लागत नाही. मटणाच्या रश्श्यात भाकरी चुरणाऱ्याला तर मुळीच नाही.

नव्या ठिकाणी चरबीचा तुकडा वेगळ्या वाटीत देतात किंवा आधीच काढून टाकतात. थोडा तरी राहू द्या म्हणावं, केशराचा वास त्याच्याच अंगाने येतो.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण विचारून खावं लागेल. ‘मांसाशिवाय’ला शब्द आहे ‘ॲतसिझ’. तो बिनधास्त वापरा, आणि रस्साही मांसाचा नाही ना, हे वेगळं विचारा, कारण रश्श्याला इथे कोणी मांस समजत नाही.

ग्योय गुताब म्हणजे कोथिंबीर, शेपू, पालक अशा पाल्याने भरलेली, अर्धचंद्रासारखी दुमडून साज नावाच्या फुगीर तव्यावर भाजलेली पातळ पोळी. वर लोणी, सोबत दही. शेपू न खाणाऱ्यांनीही इथे शेपू खाल्लेला मी पाहिला आहे. भोपळ्याचा गुताबही मिळतो. क्यूक्यू म्हणजे पाला जास्त आणि अंडं कमी असं जाडसर आम्लेट. दोवगा म्हणजे दही, पाला, थोडा तांदूळ आणि हरभरे घालून सतत ढवळत शिजवलेलं पातळ सूप. ते गरमही पितात आणि उन्हाळ्यात गारही. कढीच्या माणसाला लगेच जवळचं वाटतं. त्यात कधी मांसाचे गोळे असतात, तेवढं बघून घ्या. निखाऱ्यावर वांगं, टोमॅटो, मिरची भाजून, सोलून, चिरून केलेली मंगल कोशिंबीर म्हणजे आपल्या भरिताची सख्खी बहीण. सुक्यामेव्याचा गोड प्लोव मांसाशिवाय करून देतात. आणि ‘यालांची दोल्मा’ दिसली तर घ्याच. यालांची म्हणजे लबाड. मांस असल्याचा आव आणणारी, आत भात आणि पाला भरलेली दोल्मा.

गोमांस किंवा डुकराचं मांस असतं का?

डुकराचं मांस अझरबैजानी पद्धतीच्या रेस्टॉरंटांत सहसा नसतं. गोमांस मात्र असतं, आणि दोल्म्याच्या खिम्यात पुष्कळदा मेंढीच्या मांसाबरोबर मिसळलेलं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी ‘माल ॲती’ म्हणजे गोमांस आणि ‘गुझु ॲती’ म्हणजे कोकराचं मांस हे दोन शब्द पाठ करावेत. कोंबडी म्हणजे ‘तोयुग’. जोरात गावचा गुताब उंटाच्या मांसाचा म्हणून प्रसिद्ध आहे, तेही माहीत असू द्या.

दोल्मा तर तुर्की ना? आणि बाकीचं इराणी?

हा प्रश्न टेबलावर मोठ्याने विचारू नका, लोक दुखावतात. शब्द तुर्की कुळातला आहे, ‘भरलेलं’ अशा अर्थाचा, आणि अझरबैजानी भाषाही त्याच कुळातली. भाताच्या रीती आणि केशर इराणच्या बाजूशी नातं सांगतात. रशियन राजवटीतून चहाचं पाणी तापवायचं समोवर आलं. पण लेवेंगी बघा. लेनकेरानच्या तालिश लोकांचा हा पदार्थ. कोंबडी किंवा कुतुम नावाचा कॅस्पियनचा मासा घेऊन त्यात अक्रोडाचं वाटण, कांदा आणि आंबट प्लमचा गर भरतात आणि तंदूरमध्ये भाजतात. त्याचं गाव विचारलं तर उत्तर लेनकेरानच येतं.

दोल्मा करण्याची आणि वाटून खाण्याची अझरबैजानी परंपरा युनेस्कोने 2017 मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. ‘वाटून खाण्याची’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. म्हणून एका ताटलीत तीनच दोल्मा कलाकुसरीने मांडलेल्या आल्या, तर मी दुसरी ताटली मागवते आणि मधोमध ठेवते.

दुशबरा म्हणजे काय? मोमो का?

मोमोपेक्षा खूप लहान. करंगळीच्या नखाएवढ्या पुड्या, आत खिमा, रश्श्यात तरंगणाऱ्या, वर वाळलेला पुदिना आणि बाजूला लसूण घातलेला व्हिनेगर. एका चमच्यात जितक्या जास्त मावतील तितकी करणारी सुगरण. माझ्या शेजारच्या आजी चौकोन कापतात आणि दोन बोटांत असा काही पिळा देतात की पापणी लवते न लवते तोवर पुडी तयार. मी तासाभरात ताटभर केल्या, त्यांनी तेवढ्यात परात भरली. नव्या रेस्टॉरंटांनी याला फारसा हात लावलेला नाही, ते योग्यच केलं.

कॅस्पियनचा मासा आणि कॅव्हियार खावा का?

कॅव्हियार म्हणजे स्टर्जन नावाच्या माशाची अंडी. त्याच माशाचे कबाब, नारशराबासह, सुरेख लागतात. पण या माशाची अतोनात शिकार झाली. 1998 पासून त्याच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. मासा शेततळ्यातला आहे का, हे विचारा. चांगल्या ठिकाणी सरळ उत्तर मिळतं.

चहा जेवणाआधी की नंतर?

दोन्ही. आल्याआल्या आणि सगळं संपल्यावर. दूध नाही, आलं नाही. काळा, लालसर, आर्मुदू नावाच्या पेल्यातून. आर्मुदू म्हणजे पेअरच्या आकाराचा, कमरेत बारीक असलेला काचेचा पेला. तळाचा चहा गरम राहतो, वरचा ओठाला सोसवेल इतका निवतो. साखर चहात ढवळत नाहीत. साखरेचा खडा चहात टेकवून चावतात आणि वर घोट घेतात, किंवा चमचाभर मुरंबा तोंडात ठेवतात. मुरंब्याला इथेही मुरेब्बे म्हणतात. पांढऱ्या चेरीचा, अंजिराचा, कलिंगडाच्या सालीचा, आणि हिरव्या कोवळ्या अक्रोडाचा. शेवटचा काळाभोर असतो, सालीसकट खायचा. तो मेनूवर असेल तर दुसरं काही बघू नका.

मुलीला मागणी घालायला माणसं येतात तेव्हा त्यांना साखर घातलेला गोड चहा आला की होकार समजतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात बसलेल्या आपल्या मंडळींना यातली धडधड कळेल.

अझरबैजान आणि तुर्कस्तानची ही चहाची संस्कृती 2022 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. काही नव्या ठिकाणी पिशवीचा चहा मगमध्ये देतात. मी परत करते आणि दम दिलेला मागते. हो, चहालाही ते दमच देतात.

गोड काय घ्यावं?

शेकरबुरा हातात आली की तुम्ही ‘अरे, करंजी!’ म्हणाल. आकार तोच. आत बदाम किंवा हेझलनटचा कूट, साखर आणि वेलची. फरक वरच्या नक्षीत. मग्गाश नावाच्या छोट्या चिमट्याने कच्च्या करंजीचं पीठ चिमटत चिमटत गव्हाच्या ओंबीसारखी नक्षी काढतात, मग फिकट राहील अशी भाजतात. मार्चमध्ये नोवरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, आधी घरोघरी बायका एकत्र बसून हे करतात. आपल्या दिवाळीआधीच्या दुपारी जशा असायच्या तशाच त्या दुपारी.

शेकीचा हलवा दुसरा. तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण बारीक छिद्रांच्या भांड्यातून तापल्या तव्यावर धारांनी सोडून जाळी करतात. जाळ्यांच्या थरांत हेझलनट, वेलची आणि चक्क धणे, वर केशराच्या रेघा आणि पाक. गोडात धणे ऐकून नाक मुरडू नका, खाऊन बघा. नव्या शेफनी याचा सुपारीएवढा तुकडा करून आइस्क्रीमबरोबर द्यायला सुरुवात केली आहे. पाक फार गोड असल्यामुळे ही जोडी खरंच जमते.

दारू मिळते का?

मिळते. शामाखीजवळच्या मद्रासा गावच्या काळ्या द्राक्षाची त्याच नावाची वाइन इथली खास. 1985 नंतर गोर्बाचोव्ह यांच्या दारूविरोधी मोहिमेत इथले द्राक्षमळे मोठ्या प्रमाणावर उपटले गेले होते. आता पुन्हा लागवड होत आहे. न पिणाऱ्यांनी टार्रागॉन या सुगंधी पाल्याचं हिरवंगार सरबत घ्यावं.

खर्च किती येईल?

चलन मनात. एका मनातचे साधारण पन्नास रुपये धरा. नवी रेस्टॉरंटं साध्या खानावळीपेक्षा बरीच महाग असतात. बिलाच्या तळाशी सेवाशुल्क जोडलेलं आहे का ते बघा. असेल तर वेगळी टिप द्यायलाच हवी असं नाही.

कोणत्या महिन्यात यावं?

जेवणासाठी म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. डाळिंब, चेस्टनट आणि पेअरसारखं क्विन्स हे सगळं तेव्हाच येतं. ग्योयचाय गावाचा डाळिंबाचा उत्सव याच दिवसांत असतो. सांगोल्याकडच्या माझ्या मावसभावाने तिथलं आंबटगोड डाळिंब खाऊन आधी दाण्याचा रंग तपासला, मग साल किती जाड ते दाबून पाहिलं, आणि मगच चवीबद्दल बोलला. बागायतदाराची नजर. एप्रिल-मेमध्ये आलात तर कोवळा पाला आणि द्राक्षाची कोवळी पानं मिळतात, म्हणजे दोल्मा आणि गुताबचा हंगाम.

जेवणाला जोडून काय बघावं?

इचेरीशेहेर, म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं शहर. तिथे मुलतानी कारवानसराय आहे, आपल्या उपखंडातून आलेले व्यापारी उतरायचे ती. आणि बाकूच्या कडेला सुराखानीचं आतेशगाह, अग्निमंदिर. तिथल्या भिंतीत बसवलेल्या शिलालेखांत देवनागरीत ‘श्री गणेशाय नमः’ वाचता येतं. सतराव्या-अठराव्या शतकातले हे लेख. माझी आई तिथे दगडावर बोट न लावता, हवेतच अक्षरं गिरवत उभी राहिली होती. सकाळी ते बघा आणि दुपारी जेवायला या. मग पुलाव, शरबत, मुरंबा, तंदूर हे शब्द मेनूवर दिसले की ते कोणत्या वाटेने आले असतील हे वेगळं सांगावं लागत नाही.

लहान मुलांना नेलं तर चालेल?

अगदी. वेटर त्यांना उचलून स्वयंपाकघर दाखवून आणतात. मुलांसाठी दुशबरा आणि कोंबडीचा प्लोव.

उरलेलं बांधून देतात का?

न लाजता मागा, देतात. दोल्मा दुसऱ्या दिवशी आणखी मुरते. प्लोवची खरवड मऊ पडते, तव्यावर थोडं लोणी टाकून परतलीत की पुन्हा कुरकुरीत होते. गुताब लगेच खा. भारतात न्यायला शेकरबुरा उत्तम, करंजीसारखीच डब्यात राहते. शेकीच्या हलव्याचा डबा मात्र प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळा आणि बॅगेत आडवाच ठेवा. माझ्या भावाने तो उभा ठेवला आणि सगळा पाक शर्टांनी प्यायला.